आधी गळ, मग काठी

मासेमारीच्या रॉडवर, मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. उदाहरणार्थ: ७ फूट, एमएच, फास्ट, १/४–३/४ औंस, १२–२० पाउंड. अमेरिकेत बास मासा धरण्याच्या सामानाचे दुकान म्हणजे अशा ओळींचे जंगल. शेकडो रॉड उभे असतात, लांबून सगळे सारखेच दिसतात, आणि फरक काय तो त्या एका ओळीत असतो. नवखे गिऱ्हाईक ती ओळ वाचतच नाही. काठी हातात घेते, टोक छताकडे करून दोनदा हवेत हलवते, आणि जी दणकट वाटेल ती उचलते. मनात एकच धास्ती: मोठा मासा लागला तर मोडायला नको.

धास्ती स्वाभाविक आहे, पण तिच्यावरून काठी ठरवली की पुढचे सगळे चुकत जाते. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात, ओकमल्गी नदीच्या जुन्या पात्रात साचलेल्या माँटगोमेरी लेक नावाच्या पाण्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पाउंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त भरणारा लार्जमाउथ बास धरला. पेरी आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एकच साधी काठी होती. माशाचे वजन करून झाले आणि तो घरी नेऊन खाल्ला गेला. त्या माशाला ७७ वर्षे कोणी मागे टाकू शकले नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांचा मासा त्याहून जेमतेम एक औंस जास्त भरला. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त हवेत, म्हणून तो आजही दोघांच्या नावे आहे. टेक्सास राज्याचा विक्रमी बास १९९२ साली लेक फोर्कमध्ये मिळाला, १८.१८ पाउंडांचा. तोही क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी सोडलेल्या जिवंत मासोळीवर.

म्हणजे मोकळ्या पाण्यात, गळ नीट रुतलेला असेल आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटताना लागणारा ब्रेक, बेताने सैल ठेवलेला असेल तर मोठा बासही हलक्या काठीवर दमतो. मग इतक्या ताकदींच्या इतक्या काठ्या कशासाठी? उत्तर माशाच्या वजनात नाही. ते गळाच्या तारेत, आमिषाच्या जाडीत आणि पाण्याखाली काय दडले आहे त्यात आहे. विशेषतः आमिष मऊ प्लास्टिकचे असेल तेव्हा.

आधी शब्द नीट लावून घेऊ. ‘पॉवर’ म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम-लाइट, मीडियम, मीडियम-हेवी (म्हणजेच एमएच), हेवी, एक्स्ट्रा-हेवी ही तिची उतरंड. ‘ॲक्शन’ म्हणजे काठी कुठून वाकते. फास्ट असेल तर वरचा शेंडा वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. स्लो असेल तर वाक पार मुठीपर्यंत उतरतो. दोन्ही गोष्टींची गल्लत अनुभवी माणसेही करतात. शेंडा लवचीक दिसला की काठी ‘हलकी’ म्हणून मोकळे होतात. उसाचे कांडे आणि वेताची छडी यांत जो फरक आहे, तो एका शब्दात मावत नाही, तसेच हे.

यात आणखी एक मेख आहे. या उतरंडीला कुठलेही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीची मीडियम-हेवी दुसरीच्या मीडियमइतकीच निघू शकते. शर्टाच्या ‘एल’ आणि ‘एक्सएल’सारखा हा मामला आहे, अंगात घालून पाहिल्याशिवाय खरे नाही. विल्यम हॅनमन नावाच्या एका रॉडप्रेमी रसायनशास्त्रज्ञाने यावर सुटसुटीत तोडगा काढला. काठी आडवी घट्ट बांधायची, शेंड्याला पिशवी टांगायची आणि तिच्यात अमेरिकन एक सेंटची नाणी टाकत जायची. काठीच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतका शेंडा खाली झुकला की थांबायचे आणि नाणी मोजायची. नवे सेंट प्रत्येकी अडीच ग्रॅमचे, सगळे सारखे, आणि कोणाच्याही खिशात सापडणारे. पद्धतीचे नावही ‘कॉमन सेंट्स’, म्हणजे कॉमन सेन्सवर केलेली कोटी. आपल्याकडे हेच काम तांदळाची पुरचुंडी आणि स्वयंपाकघरातला काटा करू शकतो. घरातल्या दोन काठ्यांवर एकदा हा प्रयोग केला की छापील अक्षरांवरचा विश्वास बराच उतरतो.

आता प्लास्टिककडे. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम या कारागिराने १९४९च्या सुमारास पत्नी कॉस्मा हिच्यासोबत स्वयंपाकघरातच मिश्रणे शिजवून पाहिली आणि साच्यातून मऊ प्लास्टिकचे गांडूळ काढले. खऱ्या गांडुळासारखेच लिबलिबीत, पण डब्यात न मरणारे. त्यांच्या ‘विगल वर्म’ने अमेरिकेतल्या बास मासेमारीची रीत बदलली. सुरुवातीच्या या गांडुळांत गळ बाहेर उघडे असत, पुढे मणी आणि छोटा पंखा. ओहायोच्या मोकळ्या तळ्यांत ते चालून गेले. टेक्सासमध्ये नाही.

टेक्सासचे मोठे जलाशय धरणांनी तयार झालेले. पाणी चढले तेव्हा रान तसेच उभे राहिले, आणि बास त्या बुडालेल्या झाडांत राहू लागला. उघडा गळ पहिल्या फेकीलाच फांदीत अडके. तेव्हा कोणीतरी, कोणी ते नक्की सांगता येत नाही, गळ गांडुळाच्या डोक्यातून ओवून बाहेर काढला, वळवला आणि टोक परत गांडुळाच्याच पोटात खुपसून लपवले. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे. हाच ‘टेक्सास रिग’. आता आमिष फांद्यांवरून घसरत, खडखडत जाऊ लागले आणि अडकायचे थांबले.

पण या युक्तीने काठीवर नवे काम आले. पूर्वी गळाला फक्त माशाचा जबडा भेदायचा होता. आता आधी प्लास्टिक भेदायचे, मग जबडा. आणि वेळ थोडा. बास चावत नाही, तो ओढून घेतो: तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत येते. हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. नको असलेली वस्तू तो तितक्याच सहज थुंकतो. लाकडी किंवा कडक प्लास्टिकच्या आमिषापेक्षा मऊ, खारवलेले प्लास्टिक तो जास्त वेळ तोंडात धरतो, हा मऊ आमिषाचा मोठा फायदा. तरी तो वेळ सेकंदांत मोजण्याचाच. तेवढ्यात दोराला आलेली बारीक ‘टिक’ हाताला कळली पाहिजे, ढील गुंडाळली पाहिजे आणि झटका गळाच्या टोकापर्यंत पोहोचला पाहिजे.

पॉवरचा खरा अर्थ इथे उलगडतो. गळावर येणारा जोर म्हणजे दोरावरचा ताण, आणि काठीला वाकवतो तो हाच ताण. समजा, प्लास्टिक आणि जबडा भेदायला दोन किलोंचा ताण हवा. ताठ काठीचा शेंडा वीतभर मागे वाकला की एवढा ताण येईल. मऊ काठीला तोच ताण यायला दोन-तीन हात मागे जावे लागेल, आणि तोवर मासा आमिष थुंकून मोकळा. मऊ काठीत जोर निर्माण होत नाही असे नाही. तो उशिरा होतो. त्यात दोराचे ताणणे मिळवा. वीस मीटरवरचे नायलॉन, आपल्याकडचा तंगूस, झटक्यात हातभर सहज ताणते. फ्लूरोकार्बन ताणत नाही हा लाडका गैरसमज आहे, तेही ताणते. खऱ्या अर्थाने न ताणणारा दोर म्हणजे विणलेला, ब्रेडेड. त्याच काठीवर नायलॉन काढून ब्रेड भरला तर काठी एक पायरी चढल्यासारखी वागते. रॉड बदलण्याआधी दोर बदलून पाहावा, हा सल्ला दुकानदार देत नाहीत, कारण उघड आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग जितकी ताठ तितकी चांगली. १९६०–७०च्या दशकांत अमेरिकेत नेमके असेच मानले जात होते. गांडुळासाठीच्या ‘वर्म रॉड’ आखूड आणि बिलियर्डच्या काठीसारख्या ताठ असत. मासेही भरपूर मिळत. पण तेव्हाचे गळ जाड तारेचे आणि आमिषे मोठी होती, हे विसरून चालणार नाही.

इथे थोडे गणित करू, कारण या प्रकरणाचा सगळा भार त्यावर आहे. गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.८ मिलिमीटरच्या तारेऐवजी १.२ मिलिमीटरची तार घेतली तर जाडी दीडपट, पण ताठपणा पाचपट. उलटीकडून वाचा: तार किंचित बारीक झाली की गळ सरळ व्हायला लागणारा जोर धाडकन खाली येतो. बारीक तारेचा गळ सुईसारखा आत शिरतो, त्याला फार जोर नकोच. आणि फार जोर लावला तर तो उघडतो किंवा जबड्यात लांबडी फट पाडून निसटतो. जाड तारेचा गळ उघडणार नाही, पण त्याला आत ढकलायला ताठ काठी हवी. काठीची ताकद गळाच्या तारेशी जुळवायची ती यासाठी. माशाशी नव्हे.

गळ मात्र कशावरून ठरतो? आमिषावरून. आणि आमिष पाण्यावरून. म्हणून निवड दुकानात उभ्या असलेल्या काठीपासून सुरू करायची नसते, तळ्याच्या तळापासून सुरू करायची असते.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरचे लेक पॉवेल घ्या. ग्लेन कॅनियन धरणामागचे, लाल खडकांतले, नितळ पाणी. वनस्पती थोडी, खडक फार. अशा पाण्यात माशाला सगळे दिसते, म्हणून आमिष लहान, दोर बारीक. या भागातच, पेज गावी, गॅरी यामामोटो यांनी आमिषांचा उद्योग उभारला. त्यांचे ‘सेन्को’ पाहिले तर हसू येते: बॉलपेनसारखी साधी गोळसर कांडी, ना शेपूट ना पाय. पण प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ असल्याने ती वजनदार आहे आणि शिशाशिवाय पाण्यात सोडली की दोन्ही टोके थरथरत आडवी खाली उतरते. मधोमध गळ टोचला की तो ‘वॅकी रिग’. गळ उघडा, बारीक तारेचा, १/० किंवा २/० मापाचा. इथे झटका मारायचाच नाही. ढील गुंडाळून काठी सावकाश बाजूला ओढली की गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. काठी मीडियम किंवा मीडियम-लाइट, फास्ट, स्पिनिंग रीलवर.

‘ड्रॉप शॉट’चेही तसेच. शिसे दोराच्या शेवटी, गळ त्याच्या फूट-दीड फूट वर, आमिष तळाच्या वर तरंगत असलेले. ही रीत जपानमधून अमेरिकेत आली. तिकडच्या तळ्यांत मासेमारांची गर्दी आणि मासे शहाणे झालेले, म्हणून सगळेच हलके आणि बारीक. त्याहून हलका ‘नेड रिग’, कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाचा: जेमतेम पावणेतीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा आणि १/१६ किंवा १/१० औंसाच्या चपट्या डोक्याचा जिग, म्हणजे डोक्याशी वजन जडवलेला गळ. १/१६ औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅम! अशा जिगला हेवी काठीने फेकायला गेलात तर तो पायाशी पडेल. बेचकीचे रबर फार जाड असेल आणि खडा हरभऱ्याएवढा, तर रबर ताणलेच जात नाही, खडा उडणार कुठून? काठीही फेकताना आमिषाच्या वजनाने मागे वाकली पाहिजे, तरच ती पुढे उलटते आणि आमिष नेते. छापील ओळीतले ‘१/४–३/४ औंस’ हे याच वाकण्याबद्दल असते.

त्या आकड्यात घोटाळा करणारे पुष्कळ. शिशावर ३/८ लिहिलेले असते, काठीवर ३/४ची मर्यादा असते, म्हणून निर्धास्त. पण पाच इंची सेन्कोच तीन-अष्टमांश औंसाच्या आसपास भरतो. शिसे आणि सेन्को मिळून झाले ३/४, म्हणजे एकवीस ग्रॅम, काठीची वरची सीमा. गळ धरलेलाच नाही. म्हणून आमिष, शिसे, गळ सगळे एकत्र काट्यावर ठेवावे. सीमा ओलांडली म्हणून काठी लगेच मोडत नाही, पण जोरदार फेकीत शेंडा दबून राहतो, फेक बोथट होते आणि पुढे झटकाही तसाच बोथट पोहोचतो.

आता दुसरे टोक. फ्लोरिडातले लेक ओकीचोबी. जवळपास १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाथसागराच्या पाचपटींहून मोठे, पण सरासरी खोली तीन मीटरही नाही. एवढ्या उथळ, उन्हाने तापणाऱ्या पाण्यात वनस्पती माजणारच. तिथल्या मासेमाराला पिडणाऱ्या पाणवनस्पतींत एक आपली जुनी ओळखीची आहे: हायड्रिला. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात उपड्या नरसाळ्याखाली ठेवून, वर परीक्षानळी लावून, प्रकाशसंश्लेषणाचे बुडबुडे मोजायला लावत ती. १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून श्रीलंकेहून ती फ्लोरिडात गेली आणि कालव्यांत, तळ्यांत पसरून सरकारची डोकेदुखी झाली. बास मात्र तिच्यावर खूष. हायड्रिला आणि जलपर्णी यांच्या जाळीखाली सावली, दबा धरायला जागा, आणि वरून कोणी त्रास देत नाही.

त्या छपरातून आमिष खाली न्यायला एक ते दीड औंसाचे, वेळप्रसंगी दोन औंसांचे टंगस्टनचे वजन लागते. टंगस्टन शिशाहून घन, म्हणून त्याच वजनाचा आकार लहान आणि जाळी भेदायला सोपा. गळ जाड तारेचा, दोर ५० ते ६५ पाउंडांचा ताण सोसणारा ब्रेड. लांब फेक नाहीच. होडीपासून चार-पाच मीटरवर, जाळीतले भोक बघून आमिष अलगद सोडायचे. मासा लागला की त्याला खेळवायचे नाही. खेळवलात तर तो दोन वेढे घेऊन वनस्पतीचा भारा गळ्यात बांधून घेतो, आणि मग तुम्ही तीन किलोंचा मासा नव्हे, दहा किलोंचे गवत ओढत असता. पहिल्याच हिसक्यात त्याचे डोके वर वळवून छपरातून बाहेर काढायचे. यासाठी काठी हेवी किंवा एक्स्ट्रा-हेवी, साडेसात ते आठ फुटांची.

या पद्धतीचे मूळ कॅलिफोर्नियात आहे. तिथे लांब काठ्यांनी पाणगवतात आमिष बुडवण्याची जुनी रीत होती. स्पर्धांत काठीच्या लांबीवर बंधन आले तेव्हा डी थॉमस यांनी तीच रीत आखूड काठीवर बसवली: दोराची ढील एका हातात धरायची आणि झोक्यासारखे आमिष पुढे सोडायचे. याला ‘फ्लिपिंग’ म्हणतात. १९७५ साली आर्कान्सासच्या बुल शोल्सवरच्या स्पर्धेत ते या पद्धतीने जिंकले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. फेनविक कंपनीने मग खास त्यासाठी ‘फ्लिपिंग स्टिक’ आणली. नियमाने काठी छोटी केली, तर माणसांनी हाताची लकब बदलली. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत आवडतो.

ताठ काठीची किंमत मनगट मोजते. सात फुटी काठीचा शेंडा पुढच्या हातापासून साधारण पावणेदोन मीटर दूर असतो आणि मागचा आधार पाव मीटरवर. शेंड्याला काटकोनात एक किलोचा ओढा आला तर मागच्या आधाराला सहा-सात किलो तोलावे लागतात. तरफ आहे, आणि लांब बाजू माशाच्या हातात आहे. मऊ काठी वाकून ही बाजू आखूड करते, म्हणून तिच्यावर मासा ‘हलका’ लागतो. ताठ काठी वाकत नाही, म्हणून खांदा बोलू लागतो. दिवसभर हेवी काठीने हलकी आमिषे फेकणाऱ्याचा हात संध्याकाळी चहाचा कपही नीट धरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत गजबजलेला टप्पा आहे तो टेक्सास रिगचा, आणि ओळीतल्या त्या ‘एमएच’चा. ३/० ते ५/० मापाचा गळ, १/४ ते १/२ औंसाचे शिसे, सहा-सात इंचांचे गांडूळ किंवा चिंगाटासारखे पायवाले आमिष, १५-१७ पाउंडांचे फ्लूरोकार्बन. झाडे, दगड, थोडे गवत. इथे सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट काठी चपखल बसते: शेंडा फेकीपुरता आणि ‘टिक’ कळण्यापुरता मऊ, खालचा भाग गळ रुतवण्यापुरता ताठ. पण तेवढ्यावर डोळे मिटू नयेत. आमिष फुगीर असेल तर झटक्यात प्लास्टिक दबून गळाच्या पोटात गोळा होते आणि टोक बाहेर येत नाही. तिथे रुंद पोटाचा गळ हवा किंवा पॉवर एक पायरी वर. उलट, टोक प्लास्टिकच्या पोटात न लपवता वरच्या सालीखाली नुसते टेकवून ठेवले, तर ते हलक्या ओढीनेही बाहेर येते आणि तेच आमिष मीडियम काठीवर चालते. बोटाच्या टोकाने केलेली ही लहानशी दुरुस्ती नव्या रॉडचा खर्च वाचवते.

कॅरोलायना रिगला मात्र वेगळा नियम. वजन मोठे, ३/४ औंस किंवा जास्त, आणि त्याच्या मागे दोन-तीन फुटांच्या दोरावर आमिष. झटका आधी त्या वजनापाशी घुटमळतो. म्हणून हिसका न मारता काठी जमिनीला समांतर लांबवर ओढायची, आणि त्यासाठी पॉवर मीडियम-हेवीच, पण ॲक्शन जरा संथ, काठी लांब. शेपटी हलवणाऱ्या पॅडलटेल आमिषांचेही तसेच: गळ उघडा, मासा पोहत्या आमिषावर स्वतःच झेप घेतो, आणि फार ताठ काठी त्याच्या तोंडातून ते हिसकावून घेते.

आपल्याकडे लार्जमाउथ बास नाही. तो खरा ‘बास’ही नव्हे, उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला तो. (मराठीत बास म्हणजे पुरे. या माशाच्या नादी लागलेल्यांना ते म्हणता येत नाही.) पण रायगडच्या खाड्यांत ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चोणक, तो मासाही भक्ष्य ओढूनच गिळतो, तोही खारफुटीच्या मुळांत आणि बंधाऱ्यांच्या दगडांत दबा धरतो, आणि हल्ली त्यासाठी रॉड-रील घेऊन गरवायला जाणारे तरुण पॅडलटेलच वापरतात. रॉडवरची ओळ तीच, वाचायची रीतही तीच. फरक एवढाच की कालवांच्या धारदार शिंपल्यांवर दोर घासून तुटतो, म्हणून पुढे जाड दोराचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधावा लागतो. आणि जिताड्याचे कल्ल्याजवळचे आवरण पात्यासारखे धारदार असते, ते हाताला आधी कळते.

एकच काठी घ्यायची असेल तर कुठली, असा प्रश्न हमखास येतो. सर्वसाधारण उत्तर सात फुटी मीडियम-हेवी, फास्ट, असे असते आणि ते वाईट नाही. पण मी उलट विचारतो: पिशवीत कुठले गळ आहेत ते दाखवा. पिशवीत बारीक तारेचे, उघडे, १ किंवा १/० मापाचे गळ जास्त निघाले, तर मीडियम स्पिनिंग काठी घ्या. तिच्यावर लहान टेक्सास रिगही सालीखाली टोक ठेवून चालवता येईल. ४/०चे जाड गळ जास्त निघाले, तर एमएच. आणि पिशवीत दोन्ही सारखेच निघाले, तर एका काठीचे पैसे दोन स्वस्त काठ्यांत वाटा. दुकानात काठी हवेत हलवू नका, ती रिकामी असते. आपला नेहमीचा दोर कड्यांतून ओवा, टोक कोणाला तरी धरायला सांगा, आणि चार-पाच मीटरवरून काठी मागे ओढा. धरणाऱ्याच्या बोटांना जो हिसका लागेल, तोच गळाला लागणार आहे.